कंट्रोलर बदलल्यावर सर्व्हो ड्राइव्ह वारंवार ट्रिप होतोय? या क्रमाने तपासा

भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत ही गोष्ट सारखीच असते. मशीनचं लोखंड ठणठणीत, बेड चांगला, बॉलस्क्रूही बरा. पण जुन्या सीएनसी कंट्रोलरची (मशीनला हालचाली सांगणारा संगणक) कार्डं मिळेनाशी होतात. मग मालक नवा कंट्रोलर बसवून घेतात आणि खर्च वाचावा म्हणून मोटर आणि ड्राइव्ह (कंट्रोलरच्या सांगण्यानुसार मोटरला वीज देणारी पेटी) जुनेच ठेवतात. मशीन चालू होतं, दोन-चार जॉब निघतात आणि ड्राइव्हवर लाल दिवा लागतो. रीसेट केला की पुन्हा तेच. तीन-चार दिवसांनी फोन येतो, ‘ड्राइव्ह गेलाय, जुना कुठे मिळेल का?’

हा बिघाड इतक्या वेळा सोडवला आहे की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो. कंट्रोलर काढण्याच्या आदल्या दिवशी हा ॲक्सिस (एका दिशेने सरकणारा मशीनचा भाग) नीट चालत होता का? उत्तर ‘हो’ असेल तर ड्राइव्हवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. ड्राइव्ह तोच आहे. बदलली आहे ती वायरिंग, पॅरामीटर आणि सप्लाय चालू-बंद होण्याचा क्रम.

लक्षणं

अलार्मच्या नंबरापेक्षा तो कधी येतो यावरून जास्त कळतं.

- पॅनेल चालू करताच अलार्म, ॲक्सिस अजून हललेलाही नाही: बहुतेक वेळा लिमिट किंवा इमर्जन्सीचा इनपुट.
- सर्व्हो ऑन करताच झटका बसतो किंवा ॲक्सिस एका बाजूला पळत सुटतो: फीडबॅकची दिशा किंवा मोटरच्या फेजचा क्रम उलटा.
- जॉगवर (बटण दाबून हळू सरकवताना) ठीक, रॅपिडला (पूर्ण वेगात) फॉलोइंग एरर, म्हणजे ॲक्सिस कमांडच्या फार मागे पडतो: कमांडचं प्रमाण, गेन (चूक सुधारण्याचा जोर) किंवा एररची मर्यादा.
- वेगात येऊन थांबताना ओव्हरव्होल्टेज: रीजनरेशन रेझिस्टर (थांबताना मोटरकडून परत येणारी ऊर्जा जाळणारा), ट्रान्सफॉर्मरचा टॅप, नाहीतर फार कमी ठेवलेला डिसिलरेशनचा वेळ.
- स्पिंडल चालू झाला किंवा टरेट (टूल बदलणारा फिरता भाग) फिरला की एन्कोडरचा (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) अलार्म: नॉइज, शील्ड, अर्थिंग.
- तासा-दीड तासाने ओव्हरलोड, तोही बहुधा झेडला: ब्रेक किंवा वंगण.
- इमर्जन्सीचं लाल बटण दाबून सोडलं की दर वेळी अंडरव्होल्टेज: हा बिघाड नाही, क्रमाची चूक आहे.
- फक्त थर्ड शिफ्टला किंवा रविवारी: सप्लायचं व्होल्टेज.

वही आणि पेन

रीसेट दाबण्याआधी ड्राइव्हवरचा नंबर, कोणता ॲक्सिस, कोणती हालचाल चालू होती, वेळ आणि त्या क्षणी दुसरं काय चालू झालं हे लिहून ठेवा. कंट्रोलरवर ‘सर्व्हो अलार्म’ एवढंच दिसतं. खरा नंबर ड्राइव्हच्या छोट्या डिस्प्लेवर असतो आणि मेन सप्लाय बंद केला की तो जातो. डेल्टाच्या ड्राइव्हवर एएल ००९ म्हणजे पोझिशनमधला फरक मर्यादेबाहेर गेला, एएल ०११ म्हणजे एन्कोडर. मित्सुबिशीच्या जे-टू-सुपरवर त्याच दोन गोष्टी अनुक्रमे एएल ५२ आणि एएल १६ म्हणून दिसतात. फानुकमध्ये ४१० म्हणजे थांबलेल्या ॲक्सिसवर आलेला फरक, ४११ म्हणजे चालत्या ॲक्सिसवरचा. हा भेद फार कामाचा आहे, कारण थांबलेल्या ॲक्सिसला फरक येत असेल तर गेन आणि ॲक्सिलरेशन शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

आठवडाभर ही वही नीट ठेवली तर निम्मं काम तिथेच होतं. एका ठिकाणी एक्स ॲक्सिस दिवसातून तीनदा ट्रिप व्हायचा. वही पाहिली तर तिन्ही वेळा शेजारचा मोठा कॉम्प्रेसर सुरू झालेला. मशीनमध्ये शोधून ते कधीच सापडलं नसतं.

पॅनेलला हात लावण्याआधी

मेन आयसोलेटर बंद करा, कुलूप लावा आणि दहा मिनिटं थांबा. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट असतात आणि सप्लाय गेल्यावरही कॅपॅसिटर ते धरून ठेवतात. चार्ज लॅम्प विझला तरी पी आणि एन टर्मिनलवर मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय बोट घालू नका. झेड ॲक्सिस उभा असेल तर हेडखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. ब्रेकवर विसंबून त्याखाली हात घालायचा नाही, कधीच नाही.

बिनखर्चाच्या तपासण्या

आधी ड्राइव्हचे इनपुट. जुन्या जोडणीत लिमिट स्विच आणि इमर्जन्सी ड्राइव्हपर्यंत जात असतील, तर नव्या जोडणीत त्या वायर कंट्रोलरकडे वळवलेल्या असतात. ड्राइव्ह मात्र अजून त्यांची वाट पाहत असतो. हे इनपुट नॉर्मली क्लोज्ड असल्यामुळे उघडी वायर म्हणजे लिमिट लागली असं तो समजतो. डेल्टाच्या ए-टू आणि बी-टूमध्ये पी २-१५, पी २-१६ आणि पी २-१७ या जागा मुळातच दोन लिमिट आणि इमर्जन्सीसाठी लावलेल्या येतात. लिमिट कंट्रोलरकडे खरोखर जोडलेल्या आहेत हे स्विच हाताने दाबून पाहा आणि मगच ड्राइव्हमधले इनपुट बंद करा. अलार्म जावा म्हणून आधी इनपुट बंद केले आणि लिमिट कुठेच जोडलेली नव्हती, तर टेबल थेट स्टॉपरवर आदळेल.

नंतर शून्य व्होल्टची वायर. कंट्रोलरचा २४ व्होल्टचा सप्लाय वेगळा आणि ड्राइव्हच्या इनपुटचा वेगळा असेल, आणि दोघांचे मायनस जोडलेले नसतील, तर सर्व्हो ऑनचा सिग्नल अधांतरी राहतो. कधी लागतो, कधी सुटतो. मीटर दोन्ही मायनसमध्ये लावा. तिथे व्होल्ट दिसता कामा नयेत.

पल्स-दिशा पद्धतीचा (कमांड पल्सच्या रूपात घेणारा) ड्राइव्ह असेल तर कंट्रोलरचा पल्स ५ व्होल्टचा आहे की २४ चा, हे दोन्हीकडच्या मॅन्युअलमध्ये पाहा. ५ व्होल्टच्या इनपुटला २४ व्होल्ट थेट दिले तर आतला ऑप्टोकपलर जातो, आणि मग ड्राइव्ह नवा आणावा लागतो.

लाल बटण आणि अंडरव्होल्टेज

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नव्या पॅनेलमध्ये ही चूक मला फार वेळा दिसते.

जुन्या मशीनमध्ये मशीन बनवणाऱ्याने क्रम विचार करून लावलेला होता. आधी ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय, मग मेन कॉन्टॅक्टर (मुख्य पॉवर जोडणारा-तोडणारा स्विच), मग ड्राइव्हकडून ‘रेडी’, आणि शेवटी सर्व्हो ऑन. बंद होताना उलटा क्रम. रेट्रोफिटमध्ये (जुन्या मशीनला नवा कंट्रोलर बसवताना) जुना पीएलसी (हे क्रम सांभाळणारा छोटा कंट्रोलर) निघतो आणि त्याच्याबरोबर हा क्रमही जातो. नव्या पॅनेलमध्ये लाल बटण थेट मेन कॉन्टॅक्टर पाडतं. मोटर अजून फिरत असते, सर्व्हो अजून ऑन असतो आणि खालून पॉवर गेलेली असते. ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

आयईसी ६०२०४-१ मध्ये थांबण्याचे प्रकार सांगितलेले आहेत. प्रकार ० म्हणजे पॉवर लगेच तोडणं. प्रकार १ म्हणजे आधी मोटरला ब्रेक लावत थांबवणं आणि मग पॉवर तोडणं. सर्व्होसाठी बहुतेक वेळा प्रकार १ सोयीचा. त्यासाठी उशिराने सुटणारा कॉन्टॅक्ट असलेला सेफ्टी रिले वापरतात, साधा टायमर नाही. साधा टायमर चिकटला तर लाल बटण दाबूनही पॉवर जाणार नाही. हे सर्किट स्वतः जुळवू नका. सेफ्टीची जोडणी जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

सप्लाय

जपानहून आलेल्या जुन्या मशीनचे ड्राइव्ह बहुधा २०० व्होल्ट वर्गाचे असतात आणि पॅनेलच्या तळाशी ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे प्रायमरी टॅप पाहा. मशीन परदेशात ३८० वर चालत होतं आणि टॅप तसाच राहिला, हे मी पाहिलेलं आहे. रात्री एमआयडीसीतला लोड उतरतो, लाइन ४४० ला जाते. ३८० ते २२० च्या टॅपवर मग २५५ व्होल्ट मिळतात आणि डीसी बस सुमारे ३६० ला उभी राहते. या वर्गाचा ड्राइव्ह साधारण ४०० व्होल्टच्या आसपास ओव्हरव्होल्टेज देतो. म्हणजे ॲक्सिस थांबताना मोटर जी ऊर्जा परत पाठवते तिला जागाच उरत नाही. दिवसा चालणारं मशीन थर्ड शिफ्टला ट्रिप होतं ते यामुळे. टॅप ४१५ किंवा ४४० वर घ्या, खर्च शून्य. तिन्ही फेजचं व्होल्टेज रात्री, मशीन चालू असताना मोजा. दुपारच्या आकड्यावर जाऊ नका.

टॅप ठीक असेल तर रीजनरेशन रेझिस्टर. सप्लाय बंद करून, वायर सोडवून त्याचे ओहम मोजा आणि प्लेटवरच्या आकड्याशी ताडा. बाहेरचा रेझिस्टर जोडताना आतल्याची पट्टी काढावी लागते. पॅनेल नव्याने बांधताना पट्टी निघते आणि बाहेरचा रेझिस्टर जोडायचा राहतो. तोही ठीक असेल तर नव्या कंट्रोलरमधला डिसिलरेशनचा वेळ वाढवून पाहा.

हाताने फिरवून पाहा

पॉवर बंद असताना बॉलस्क्रू हाताने फिरवा. एकसारखा जड लागतो की मध्येच अडकतो? मशीन महिनाभर उभं होतं, त्या काळात वंगणाच्या नळ्या सुकल्या, गिबवर (सरकत्या भागाची पट्टी) गंज धरला, बेलोजखाली (घडीचं आवरण) धातूची बर साचली. ड्राइव्ह ओव्हरलोड देतो आणि लोक गेन कमी करत बसतात. कपलिंगवर मार्करने सरळ रेघ मारा. दिवसाअखेर रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग घसरतंय.

झेडच्या ब्रेकला २४ व्होल्ट मिळतात का ते कॉइलच्या टर्मिनलवरच मोजा, रिलेवर नाही. ब्रेक अर्धवट सुटलेला असेल तर मोटर त्याच्याशी झगडत राहते, गरम होते आणि तासाभराने ओव्हरलोड. ब्रेक सुटण्याचा सिग्नल सर्व्होने भार घेतल्यानंतरच आला पाहिजे. आधी आला तर हेड खाली घसरतं.

कनेक्टर आणि एन्कोडरचे ५ व्होल्ट

मोटरवरचा गोल कनेक्टर उघडा. आत कूलंटचा चिकट थर, हिरवट पिना, बसलेली रबर रिंग. साफ करा, सुकवा, रिंग बदला. केबल मोटरकडे येताना खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे कूलंट झोळावरून टपकेल, कनेक्टरमध्ये उतरणार नाही. केबल चेनमध्ये जिथे वाक येतो तिथे कोर आतून तुटतात. ॲक्सिस थांबवून, दूर राहून, काठीने केबल हलवा आणि कंट्रोलरवर एन्कोडरचा आकडा उडतो का पाहा. उंदरांनी कुरतडलेली केबलही मी पॅनेलखालून काढली आहे.

एन्कोडरला मिळणारे व्होल्ट नेहमी मोटरच्या टोकाला मोजा. पॅनेलमध्ये ५.० असतात आणि सगळे निश्चिंत होतात. हिशेब बघा: ०.२ चौरस मिलिमीटरच्या कोरला मीटरमागे सुमारे ०.०८६ ओहम. दहा मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, १.७ ओहम. एन्कोडर १५० मिलिअँपिअर घेत असेल तर पाव व्होल्ट वाटेतच जातो आणि टोकाला ४.७५ पेक्षा कमी उरतात. बऱ्याच एन्कोडरची मर्यादा ५ व्होल्टला अधिक-उणे पाच टक्के असते. तो रोज पडणार नाही, मशीन गरम झाल्यावर पडेल. केबलमधले रिकामे कोर प्लस आणि मायनसला जोडीने लावा, घट निम्म्यावर येते.

पळत सुटणारा ॲक्सिस

इंडक्शन मोटरची सवय असलेला वायरमन दिशा उलटी दिसली की दोन फेज बदलतो. सर्व्होला हे चालत नाही. तिथे फेजचा क्रम एन्कोडरशी बांधलेला असतो. बदलला की दिशा उलटत नाही, मोटर झटका देते आणि ओव्हरलोड किंवा ओव्हरस्पीड येतो. यू, व्ही, डब्ल्यू जसेच्या तसे ठेवा आणि दिशा पॅरामीटरने बदला. ±१० व्होल्टच्या (वेगाची कमांड व्होल्टेजने घेणाऱ्या) ड्राइव्हमध्ये कंट्रोलरला पोहोचणारा फीडबॅक उलटा असेल, तर ॲक्सिस चूक सुधारण्याऐवजी वाढवत जातो. पहिल्यांदा सर्व्हो ऑन कराल तेव्हा ॲक्सिस मधोमध ठेवा आणि एक हात लाल बटणावर.

फॉलोइंग एरर: आधी गणित

±१० व्होल्टच्या जोडणीत ड्राइव्हला सांगितलेलं असतं की १० व्होल्ट म्हणजे, समजा, ३००० आरपीएम. मोटर स्क्रूला थेट जोडलेली आणि पिच (स्क्रूच्या एका फेऱ्यात सरकणारं अंतर) १० मिलिमीटर, तर १ व्होल्ट म्हणजे ३०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३००० मिलिमीटर. तेवढ्या फीडने ॲक्सिस चालवा आणि कमांडच्या टर्मिनलवर मीटर लावा. १ व्होल्टच्या जवळ दिसायला हवं. दीड दिसला तर कंट्रोलर आणि ड्राइव्ह वेगवेगळ्या भाषेत बोलताहेत. प्रमाण जुळवल्याशिवाय गेनला हात लावू नका.

दुसरी गोष्ट एररच्या मर्यादेची. फीडफॉरवर्ड (कमांडचा वेग आधीच पुढे देण्याची सोय) नसलेल्या लूपमध्ये ॲक्सिस कमांडच्या मागे राहणारच. किती, तर वेग भागिले गेन. मिनिटाला ६००० म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर. गेन ३० असेल तर ३.३ मिलिमीटर मागे, आणि हे निरोगी मशीनचं चिन्ह आहे. नव्या कंट्रोलरमध्ये कुणी मर्यादा १ मिलिमीटर ठेवली असेल तर रॅपिडला अलार्म येणारच. लिनक्स-सीएनसी वापरणाऱ्यांनी आयएनआय फाइलमधले फेरर आणि मिन-फेरर हे दोन्ही आकडे या हिशेबाने तपासावेत. पण मर्यादा वाढवत नेऊन अलार्म गप्प करायचा नाही. हिशेबाच्या थोडी वर ठेवा, तेवढीच.

नॉइज आणि अर्थिंग

रेट्रोफिटबरोबर स्पिंडलला नवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसतो. त्याची मोटर केबल आणि एन्कोडरची केबल एकाच डक्टमधून जातात आणि ‘स्पिंडल चालू केला की एक्सला अलार्म’ सुरू होतो. पडताळणी सोपी आहे. एन्कोडरची केबल डक्टबाहेर काढून तात्पुरती हवेतून न्या. अलार्म थांबला तर उत्तर मिळालं. कायमची सोय म्हणजे दोन्ही केबलमध्ये निदान २० सेंटिमीटर अंतर, ओलांडायचीच असेल तर काटकोनात, आणि स्पिंडलला शील्डची केबल. शील्डची शेपटी वळून लगमध्ये दाबू नका. इन्सुलेशन सोलून पूर्ण वेढ्याने धातूच्या क्लॅम्पखाली, रंग खरवडलेल्या पत्र्यावर दाबा. वेणीसारख्या वळलेल्या शेपटीतून उच्च वारंवारतेचा नॉइज नीट जमिनीत जात नाही.

टरेट किंवा कूलंट पंपाच्या वेळी अलार्म येत असेल तर डीसी कॉइलवर डायोड आणि एसी कॉन्टॅक्टरवर आरसी सप्रेसर लावा. स्वस्त वस्तू आहेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थ पिटकडे जा. एप्रिल-मे मध्ये कोरडा पडलेला पिट पाणी घातल्यावर सुधारतो, हे मी मीटरवर पाहिलेलं आहे.

मेगर, आणि मगच अदलाबदल

ओव्हरकरंट येत असेल तर मोटरच्या तिन्ही वायर ड्राइव्हपासून सोडवा, एन्कोडरचा कनेक्टरही काढा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणारा मीटर) मोटर बॉडीशी तपासा. मेगर ड्राइव्हला किंवा एन्कोडरला चुकूनही लागता कामा नये. शंभर मेगओहमच्या वर असेल तर मोटर निर्धास्त. एक मेगओहमच्या खाली असेल तर ती मोटर ड्राइव्हला परत जोडू नका. तिन्ही फेजमधले ओहम एकमेकांशी जुळायला हवेत.

एक्सचा ड्राइव्ह झेडला लावून बघू, ही युक्ती चांगली आहे, पण या मेगरनंतरच. शॉर्ट झालेल्या मोटरवर चांगला ड्राइव्ह लावला तर तोही जातो, आणि एका बिघाडाचे दोन होतात. दोन्ही ड्राइव्हचे मॉडेल सारखे आहेत ना हे पाहा आणि आधी दोघांचे पॅरामीटर उतरवून घ्या.

इथे थांबा

तिन्ही वायर सोडवूनही सर्व्हो ऑन करताच ओव्हरकरंट येतो: ड्राइव्हचं पॉवर मॉड्यूल गेलं आहे, दुरुस्तीवाल्याकडे पाठवा. कास्ट आयर्नचं काम होतं तिथे ड्राइव्हमध्ये काळी धूळ बसते आणि पहिल्या पावसाच्या दमटपणात ती वीज वाहू लागते. अशा ड्राइव्हची फक्त धूळ झटकून पुन्हा सप्लाय देऊ नका.

मोटरचं मागचं झाकण उघडून एन्कोडर काढू नका. बऱ्याच एसी सर्व्होमध्ये तो रोटरशी ठरावीक कोनात बसवलेला असतो आणि तो कोन परत जुळवायला साधनं लागतात. जुन्या डीसी सर्व्होचे ब्रश पाहायला हरकत नाही. आर्मेचर मात्र बाहेर ओढू नका, चुंबक कमजोर होतो. झेडचा ब्रेक घसरत असेल, सेफ्टी सर्किट बदलायचं असेल, किंवा डीसी बसवर सप्लाय असताना मोजायची वेळ आली, तर त्या कामाच्या माणसाला बोलवा. त्याला वही, अलार्मचे फोटो आणि आतापर्यंत काय काय बदललं ते सांगा. न सांगितलेला एक बदललेला पॅरामीटर त्याचा अख्खा दिवस खातो.

आणि जुना कंट्रोलर लगेच भंगारात देऊ नका. त्यात त्या मशीनचे गेन, ॲक्सिलरेशनचे वेळ, बॅकलॅशचे आकडे मशीन बनवणाऱ्याने बसवलेले आहेत. ते बॅटरीवर टिकतात. बॅटरी उतरण्याआधी एकेका पानाचा फोटो काढून ठेवा.